सोनू, ती डिस्क आता चालू करू नकोस

सांगली

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "आई, तुला नाही कळणार हे." मी पुढे काही बोलले नाही, कारण तुझा आवाज रडवेला झाला होता आणि इकडे बाबा ताटावर थांबले होते. पण मला कळतं गं. लॅपटॉपची डिस्क गेली, बाहेरच्या डिस्कवर दिवाळीआधीचा बॅकअप मिळाला आणि दिवाळीनंतरचं तुझ्या प्रबंधाचं सगळं लिखाण अडकलं. आणि हेही कळलंय की रात्री दोन-दोन वाजेपर्यंत तू ती बंद पडलेली डिस्क परत परत जोडून बघतेस. तुझ्या रूममेटवर चिडू नकोस, मीच तिला खोदून विचारलं.

टकटक आवाज येतो म्हणालीस ना? मग आतल्या हेडचंच, म्हणजे तबकडीवरची माहिती वाचणाऱ्या भागाचंच, काहीतरी बिघडलं असणार. असा हेड फिरत्या तबकडीला घासला, तर घासला तिथली माहिती कुणीच परत आणू शकत नाही. म्हणजे तू जितक्या वेळा चालू करशील, तितक्या वेळा उरलंसुरलंही जाऊ शकतं. विनूदादाला विचारून घेतलं. तो म्हणतो, डिस्क नुसती अडखळत असेल तर जीएनयू डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्रॅम आहे, तो वाचता येणारा भाग आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवतो, खराब जागांकडे शेवटी वळतो आणि कुठवर आलो ते लिहून ठेवतो. पण आवाज येत असेल तर तेही करायचं नाही. धूळ नसलेल्या खास खोलीत डिस्क उघडणारे लोक असतात, थेट त्यांच्याकडे द्यायची. पैशांचं बाबांशी बोलून झालंय, तू तो विषय काढू नकोस.

२००५ चा पूर तुला आठवतो का? तू तिसरीत होतीस. तुला आठवत असेल ते आत्याकडे राहणं आणि मेणबत्त्या. मला आठवते आमची बँकेची शाखा. जो तो एकमेकांना "आयर्विनला किती फूट?", म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी किती चढलं, एवढंच विचारत होता. पाणी उतरल्यावर आम्ही शटर उघडलं तर सर्व्हर चिखलात होता, आणि तिजोरीत ठेवलेली बॅकअपची टेपही. पण दुसरी टेप विश्रामबागच्या शाखेत होती. रोज डे-एंड, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद, झाला की मी बॅकअप घ्यायची, टेपचं एक कार्ट्रिज तिजोरीत, एक पर्समध्ये, आणि सकाळी ती विश्रामबागला पोचवायची. तुला पाळणाघरातून घ्यायला मला उशीर व्हायचा तो याच्यामुळे. तू दारात दप्तर पाठीला लावून उभी असायचीस आणि माझ्याशी बोलायची नाहीस, पार घर येईपर्यंत.

ती टेप आम्ही लगेच लावली नाही. आधी तिची खटकी सरकवली, म्हणजे चुकूनसुद्धा तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही. मग तिची एक नक्कल काढली. मग वेगळ्या मशीनवर रिस्टोअर केलं आणि हेड ऑफिसला गेलेल्या छापील ट्रायल बॅलन्सशी, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांच्या यादीशी, एकेक आकडा जुळवला. आकडे जुळले तेव्हा मॅनेजर साहेब खुर्चीतून उठून उभेच राहिले. पण ती टेप शनिवारची होती, सोनू. त्यानंतर पाणी शिरेपर्यंत जे व्यवहार झाले ते त्यात नव्हतेच, आणि खरं काम तिथून पुढे सुरू झालं. ओली व्हाउचरं वरच्या मजल्यावर दोऱ्या बांधून वाळत घातली. शाई फुटली होती, तरी रक्कम वाचता यायची. जिथे व्हाउचर वाचवेना तिथे खातेदारांना पासबुक घेऊन बोलावलं. भाजी विकणाऱ्या एक मावशी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक घेऊन आल्या. त्यांचा भरणा आमच्याकडे कुठेच नव्हता, फक्त त्या पासबुकात होता. अशी एकेक नोंद करत आम्ही ते मधले दिवस परत उभे केले.

हे सगळं एवढ्यासाठी लिहिलं की तुझे मधले महिने फक्त त्या डिस्कवर नाहीत. मार्गदर्शकांना तू मेलने कच्चं प्रकरण पाठवलं होतंस, ते तुझ्या पाठवलेल्या मेलमध्ये असणार. विहिरींचे फोटो बाबांना पाठवले होतेस. त्यांनी एकही पुसलेला नाही, काल रात्री बसून सगळे एका जागी केले. मुलाखती फोनवर रेकॉर्ड केल्या होत्यास ना? आणि ती निळी वही. म्हैसाळ सिंचन योजनेचं पाणी पोचलेली गावं एका बाजूला, न पोचलेली दुसऱ्या बाजूला, आणि प्रत्येक विहिरीपुढे पाणी किती हातांवर लागलं ते. तुझं अक्षर बघून बाबा म्हणाले होते, हे अगदी अण्णांसारखं आहे.

फक्त एक कर. बाहेरच्या डिस्कवरचा बॅकअप थेट उघडून त्यातच लिहायला बसू नकोस. आधी त्याची दुसरी प्रत काढ आणि प्रतीवर काम कर. फाइल दिसते म्हणजे ती उघडतेच असं नाही, महत्त्वाच्या फाइली एकेक उघडून शेवटच्या पानापर्यंत बघ. आणि यापुढे तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावात. क्लाउडवर फोल्डर आपोआप जुळत राहतं तो बॅकअप धरू नकोस, इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं. अधूनमधून एखादी फाइल परत काढून बघत जा, त्याशिवाय बॅकअप चालतोय की नाही ते कळत नाही. गिटलॅबसारख्या सॉफ्टवेअर कंपनीचं २०१७ साली तेच झालं. ३१ जानेवारीला रात्री उशिरापर्यंत काम करत बसलेल्या एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला, सुमारे ३०० जीबी. रोजचा बॅकअप कधीचाच बंद पडलेला, आणि तसं कळवणारे मेलही कुणापर्यंत पोचत नव्हते. दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी काढलेली एक प्रत होती, तिच्यावर ते सावरले.

रात्री उशिरा, सोनू. थकलेलं माणूस होतं ते.

शिकवायला नको होतं आत्ता, मला समजतं. तुला ओरडा नको आहे, झोप हवी आहे. माफ कर. पण तू जेवतेस का, एवढं तरी सांग. चौथीच्या स्कॉलरशिपला तू अशीच उपाशी बसायचीस आणि मग पोट धरून निजायचीस, ते आठवलं की मला इथे घास जात नाही.

उन्हात विहिरीच्या कठड्यावर बसून, मोजायची टेप खाली सोडून तू बायकांशी बोलत होतीस, तो फोटो मी बँकेतल्या सगळ्यांना दाखवला आहे. आपल्या घरातलं कुणी जतच्या पूर्व भागात असं गावोगाव फिरलेलं नाही. ते काम एका डिस्कमुळे बुडणार नाही. आणि समजा थोडं बुडालं, तर परत जाऊन विचारता येईल. ती गावं तिथेच आहेत.

डिस्क लॅपटॉपमधून काढून अँटिस्टॅटिक पिशवीत ठेव आणि शनिवारी येताना घेऊन ये. रात्रीची गाडी पकडू नकोस, सकाळची घे. निळी वही पिशवीत न टाकता जवळ ठेव, तिची पानं इथे आल्या आल्या स्कॅन करू. जतच्या मावशींचा नंबर माझ्या जुन्या डायरीत सापडला. नोव्हेंबरातल्या कोणत्या विहिरी परत मोजाव्या लागतील ते शुक्रवारपर्यंत कळव, म्हणजे मी त्यांना आधी फोन करून ठेवते.

तुझी,
आई