बांधावरची उघडी तार

महूद, ता. सांगोला
१९ जानेवारी २०२५

प्रिय दिगंबर,

सप्रेम नमस्कार. दिवाळीपासून तुला पत्र नाही, आणि फोनवर बोललो ते पावसापाण्याचे आणि भावाचे. माझी साखर आटोक्यात आहे, आईही बरी आहे. आज लिहायला बसलो ते वेगळ्या कारणासाठी, आणि ते तुझ्याखेरीज कोणाला सांगावे असे वाटत नाही. आमच्या पोराने, महेशने, डाळिंबाच्या बागेभोवती उघडी तार ओढून तिच्यात लाइट सोडली होती, आणि मी त्याला अडवले नाही.

पहिली बाग तेल्या रोगाने आणि मागाहून खोडकिड्याने गेली, ती उपटून पेटवली तेव्हा तू आला होतास. पुन्हा दोन एकर भगवा जातीचे डाळिंब लावले, आणि या वर्षीचा मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी धरलेले पीक, हा पहिला खरा बहार. डिसेंबरात एका रात्री ओढ्याकडच्या चार ओळी रिकाम्या झाल्या. देठ राखून कात्रीने फळ तोडलेले होते, म्हणजे बाजार जाणणारी माणसे असावीत. पोलिसांत तक्रार दिली. आठ दिवसांनी आणखी दोन ओळी गेल्या. सोसायटीचे कर्ज महेशच्या नावावर आहे, त्याची ती सकाळ कशी गेली असेल ते तू समजू शकतोस. त्याने त्याच दिवशी तार ओढली. निदान एखादा धोक्याचा बोर्ड तरी लावू, एवढेच मी म्हणालो. ‘बोर्ड लावला तर चोर सापडेल कसा?’ असे तो म्हणाला. त्या वाक्याचा अर्थ मला तिथेच कळायला हवा होता. तार चोराला लांब ठेवण्यासाठी नव्हती, ती त्याला धरण्यासाठी होती, आणि वाहती तार ज्याला धरते त्याला सोडत नाही.

या आठवड्यात आमच्या फिडरला, म्हणजे शेताच्या वीजवाहिनीला, रात्रपाळीची लाइट आहे. बुधवारी पहाटे लाइट गेल्यावर मी बॅटरी घेऊन बागेला फेरी मारली. ओढ्याच्या कोपऱ्यावर तारेला एक मुंगूस चिकटून मेलेले होते, केस करपलेले, दात उघडे. त्याच्यापासून पाच-सहा हातांवर तार काठीने खाली दाबलेली दिसली आणि आतल्या बाजूला, ठिबकच्या ओलीत, एक पाऊल उमटलेले होते. अनवाणी पाऊल, पाचही बोटे स्वच्छ दिसत होती. मी खाली बसून वीत लावली, तर पाऊल माझ्या वितीपेक्षा दोन बोटे कमीच भरले. पलीकडच्या उसात तोडणीची टोळी उतरली आहे, त्यांच्या कोप्या तिथून हाकेच्या अंतरावर आहेत. झाडाखाली पडलेली तडकी फळे वेचायला कोणाचे तरी पोर आले असेल. ते आले तेव्हा तारेत लाइट नव्हती, एवढ्यावरच ते वाचले. त्या ओल्या मातीत मी किती वेळ बसून राहिलो ते मला सांगता येणार नाही.

उठलो, तार तोडली आणि गुंडाळून घरी आणली. तेव्हापासून महेश माझ्याशी बोलत नाही.

काल सांगोल्याला वकिलांकडे जाऊन बसलो. तुला वाटेल की मी आयुष्यभर वाद घालतो आणि कायदा मात्र साठीत विचारतो. मालमत्तेसाठी जीव घेण्याची मुभा कायद्यात मुळीच नसेल असे मी धरून चाललो होतो, पण तसे नाही. १८६० च्या दंडसंहितेच्या कलम १०३ मध्ये ती होती आणि नव्या न्यायसंहितेत कलम ४१ मध्ये आहे: जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वीची घरफोडी, राहत्या घराला लावलेली आग, आणि ज्या चोरीत प्रतिकार केला नाही तर आपला जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती असते ती चोरी. साध्या चोरीला मारण्यापर्यंत जाता येत नाही, आणि कुठेच गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. मला हे पटले. रात्री घरात शिरलेला माणूस कशासाठी आला आहे ते आतल्या माणसाला कळत नाही आणि त्याला मागे सरायला जागाही नसते. तिथे त्याने कुऱ्हाड उचलली तर मी त्याला दोष देणार नाही. बागेत मी निजत नाही.

वकिलांनी एक जुना निकालही सांगितला, बिहारमधला, सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली दिलेला. शेजाऱ्यांच्या संडासाची भिंत पडली म्हणून ते एका माणसाच्या संडासात जाऊ लागले. त्याने वाटेवर तांब्याची उघडी तार बांधून तिच्यात वीज सोडली आणि शेजारची बाई मेली. ती परक्या जागेत शिरली होती हे खरे, पण म्हणून तिच्यासाठी असा सापळा लावण्याचा हक्क त्याला मिळत नाही, असे ठरले आणि त्याला शिक्षा झाली. मी ऐकत होतो आणि डोळ्यांपुढे ते पाऊल होते.

दिगंबर, १९८८ ची खळ्यावरची रात्र तुझ्याही मनातून गेली नसेल. चोरावर उगारलेला माझा हात तू धरलास म्हणून मी वर्षभर तुझ्याशी बोललो नाही, आणि रास तुझ्या बापाची असती तर धरला असतास का, असे तुला चारचौघांत विचारले. त्या प्रश्नाची माफी मी कधी मागितली नाही, ती आज मागतो. बॅटरीच्या उजेडात त्या चोराचा चेहरा दिसला, पोते टाकून तो पळाला आणि आपण दोघांनी त्याचे नाव आजवर कोणापुढे घेतले नाही. हात धरायला तिथे तू होतास. तारेजवळ कोणीच नसते, चोर कोणता, पोर कोणते आणि रात्री मोटर चालू करायला निघालेला शेजारी कोणता, हे बघणारे तिथे कोणी नाही.

तरीही महेशला मी काय सांगू? ‘डाळिंबापेक्षा जीव मोठा’ हे मी त्याला म्हणालो, तेव्हा त्याने विचारले की हप्ता थकला आणि मी औषध प्यालो तर तो जीव तुम्ही कशात धरणार? दिगंबर, त्याने हे रागात म्हटले असेल, पण मी रात्री दोनदा उठून त्याच्या खोलीत डोकावतो. माल ही नुसती वस्तू आहे असे या पोराला मी सांगू शकत नाही, आणि तो खोटेही बोलत नाही. मला एवढेच कळते की त्याच्या संकटाचा भार उसातल्या पोराने वाहायचा नाही. झटका मशीनची चौकशी केली आहे. त्याची तार बॅटरीवर चालते, क्षणभर झटका देऊन सोडून देते, माणूस घाबरतो पण मरत नाही. डाळिंबाची तोडणी होईपर्यंत मी स्वतः बागेत निजणार आहे, शिट्टी आणि बॅटरी घेऊन.

वहिनींच्या गुडघ्याचे काय ठरले? नातीच्या बारशाला येणे झाले नाही, राग धरू नकोस. पुण्यातला फ्लॅट विकायची घाई करू नकोस, त्यावर सविस्तर बोलू.

महेशला तू एक फोन कर. कायद्याचे काही बोलू नकोस, त्याला त्या खळ्यावरची गोष्ट सांग, नावासकट सांगितलीस तरी माझी हरकत नाही. तार माझ्या खाटेखाली आहे. काल तो खोलीच्या दारात येऊन तिच्याकडे बघून गेला.

तुझा,
वसंत