बापूस पत्र: दिल्लीला येतोयस, तर आधी बागा

नवी दिल्ली
जानेवारीअखेर

प्रिय बापू,
सप्रेम नमस्कार.

तुझी यादी मिळाली. लाल किल्ला, कुतुबमिनार, इंडिया गेट, अक्षरधाम, राजघाट, चांदणी चौक, आणि सगळ्यात खाली कंसात ‘वेळ उरला तर एखादी बाग’. अरे, चार दिवसांत एवढं उरकायला निघालास तर तुमचा मुक्काम रस्त्यावरच्या सिग्नललाच पडेल. वहिनींच्या गुडघ्यांचा तरी विचार कर. माझं ऐकशील तर यादी उलटी धर. आधी बागा, आणि वेळ उरला तर किल्ला.

तू म्हणशील, बाग बघायला दिल्लीपर्यंत कशाला यायचं? पण इथे बाग आणि इतिहास वेगळे काढताच येत नाहीत. जुन्या बागा एक तर कुणाच्या तरी कबरीभोवती आहेत, नाहीतर कुणाच्या तरी हौसेच्या पडझडीत. इतकी वर्षं या शहरात पायपीट करून माझं एक मत झालंय. ज्या बागेत कबर होती ती बहुतेक तगली, आणि जी नुसती मौजेसाठी केली होती ती शहराने गिळली. जिवंत माणसाच्या हवेलीवर डोळा ठेवायला कोणी लाजत नाही, पण मेलेल्याच्या अंगणात नांगर घालताना हात जरा अडखळतो. शास्त्र म्हणून सांगत नाही, तू येऊन बघ आणि मग भांड.

पहिल्या दिवशी सकाळी लोदी गार्डन. मेट्रोने जोर बागला उतरायचं, तिथून चालत. तिकीट नाही. सय्यद आणि लोदी सुलतानांच्या कबरी इथे पंधराव्या-सोळाव्या शतकापासून आहेत, पण बाग मात्र इंग्रजांची. कबरींभोवती खैरपूर नावाचं गाव होतं. ते उठवलं, लोकांना दुसरीकडे हलवलं आणि ९ एप्रिल १९३६ रोजी व्हाइसरॉयच्या बायकोच्या नावाने ‘लेडी विलिंग्डन पार्क’ उघडलं. स्वातंत्र्यानंतर नाव बदललं, तरी एका दाराच्या दगडावर बाईंचं नाव अजून आहे. आज दिसते ती आखणी बरीचशी १९६८ची, जोसेफ स्टाइन आणि गॅरेट एक्बो या दोघा वास्तुकारांची. गाव उठवून केलेली बाग आहे हे डोक्यात ठेवूनच मी तिथे फिरतो, आणि तरीही ती मला शहरातली सगळ्यात देखणी बाग वाटते. दोन्ही खरं.

तिथे घाई करू नकोस. शीश गुंबदाच्या भिंतीशी अगदी जवळ जाऊन उभा राहा. निळ्या फरशांची एक पट्टी अजून शिल्लक आहे. एक निळा गडद, दुसरा फिकट. बाकीच्या फरशा गळून पडल्यात आणि मागचा चुना उघडा पडलाय. त्याच भिंतीतल्या भोकांत पोपटांनी बिऱ्हाडं केलीत. एक पोपट डोकं बाहेर काढून खाली बघतो, आत घेतो, पुन्हा काढतो. खाली माणूस हलत नाही म्हटल्यावर मग सबंध बाहेर येतो. शेजारचा बडा गुंबद एवढा भव्य, पण आत कबरच नाही. तो कशासाठी बांधला यावर जाणकारांचं अजून चाललंय. पलीकडे सिकंदर लोदीची कबर, १५१७ साली तो गेला तेव्हाची, भोवती किल्ल्यासारखा तट. आणि तिच्याजवळ अठपुला हा अकबराच्या काळातला पूल. त्याच्या कमानी मोजून बघ, सात भरतील. आठ आहेत ते खांब. वहिनींना आधी सांगू नकोस, त्यांना मोजू दे.

सकाळी तिथे येणारी माणसं हा वेगळाच कार्यक्रम असतो. निवृत्त सचिव, त्यांच्यामागे चालणारे अजून निवृत्त न झालेले, स्वेटर घातलेली कुत्री, आणि झाडाखाली मोठमोठ्याने हसणारा एखादा हास्यक्लब. सरकार कुणाचं यावं, कुणाचं पडावं, हे सगळं दुसऱ्या फेरीपर्यंत ठरलेलं असतं. थंडीत दुपारी मात्र मंडळी बदलतात. सतरंज्या पसरतात, भुईमुगाच्या शेंगा आणि संत्री निघतात, पत्ते निघतात, आणि घरंच्या घरं उन्हाला पाठ देऊन बसतात. ‘चल, ऊन खाऊ’ म्हणून मुद्दाम बाहेर जाणं हे आपल्याकडे कधी लागलंच नाही. इथल्या थंडीत दोन महिने काढले की कळतं.

दुसरा दिवस हुमायूनची कबर आणि तिच्याला लागून असलेली सुंदर नर्सरी. ही दोन्ही ठिकाणं एकाच दिवशी कर आणि दिवसभर त्यातच राहा. हुमायूनची कबर १५६०च्या दशकात सुरू झाली, त्याच्या बेगमेने बांधवून घेतली. बाग चारबाग पद्धतीची. मोठा चौरस, पाण्याच्या पाटांनी आणि वाटांनी चार भाग, आणि त्या प्रत्येकाचे पुन्हा नऊ. असे छत्तीस चौक. मुघलांची सत्ता ओसरली तशी या चौकांत लोक भाजीपाला पिकवायला लागले. १८५७ साली बहादूरशाह जफर इथेच लपला आणि इथेच इंग्रजांच्या हाती लागला. १९४७ नंतर निर्वासितांची छावणी पडली. त्या चुलींनी आणि तंबूंनी बागेची रया गेली, पण त्या दिवसांत बागेची काळजी कोण करणार? पाटांत पुन्हा पाणी खेळायला लागलं ते २००३ साली, जुन्या वास्तू जपणाऱ्या आगाखान ट्रस्टच्या कामानंतर. पाट बारीक आहेत, वीतभर खोलीचेही नसतील काही ठिकाणी, आणि उतार इतका अलगद की डोळ्याला कळत नाही. एक वाळकं पान सोडून बघ आणि त्याच्या बरोबरीने चाल. तुला थांबून थांबून चालावं लागेल.

सुंदर नर्सरी मात्र मला जास्त आवडते, हे कबूल केल्यावर इथले इतिहासवाले मित्र नाक मुरडतात. नवी दिल्ली वसवताना रस्त्यांना कोणती झाडं लावायची याची चाचणी करायला इंग्रजांनी ही रोपवाटिका काढली. देशोदेशींची रोपं इथे आणून जगतात का बघायची. जनपथवरचे अर्जुन, अकबर रोडवरच्या चिंचा, अशी एकेका रस्त्याला एकेक जात देण्याची ती पद्धत. पुढे नर्सरी मागे पडली, जुन्या घुमटांभोवती झुडपं माजली आणि राडारोड्याचे ढीग पडले. २००७ पासून आगाखान ट्रस्टने सरकारी खात्यांबरोबर काम सुरू केलं, आराखडा मोहम्मद शहीर यांचा, आणि २०१८च्या फेब्रुवारीत सुमारे ९० एकरांची ही बाग लोकांना उघडली. तीनशेच्या आसपास जातींची झाडं आहेत. तुझ्यासारख्या झाडवेड्याला तिथून बाहेर काढायला वहिनींना हाताला धरावं लागेल. मधोमध संगमरवरी कमळांची कारंजी असलेला लांब पाट, आणि त्याच्या टोकाला सुंदर बुर्ज. आत जाऊन मान वर कर, छताचं चुन्यातलं काम बघ, मग बोल. तिकीट आहे, पण ते वसूल होतं.

आता माझ्या मताची दुसरी बाजू, म्हणजे कबर नसलेल्या बागा. काश्मिरी गेटच्या बसस्थानकाशेजारी कुदसिया बाग आहे. बसमधून उतरणाऱ्या शंभरातल्या नव्वदांना ती दिसतही नसेल. मुहम्मदशाह बादशहाच्या दरबारात नर्तकी म्हणून आलेली ऊधमबाई पुढे कुदसिया बेगम झाली, मुलगा अहमदशाह १७४८ साली तख्तावर बसला आणि तिने यमुनेच्या काठावर ही बाग आणि महाल उभा केला. सहा वर्षांत खेळ संपला. मल्हारराव होळकरांच्या फौजेच्या जोरावर इमाद-उल-मुल्कने बादशहाला पदच्युत केलं आणि पुढे त्याचे डोळे काढले. म्हणजे या बागेच्या दुर्दैवात आपलाही हात आहे बरं का. १८५७ साली इंग्रजांनी शहराचा तट फोडायला तोफा डागल्या, त्यातल्या काही याच बागेतून. यमुना तर केव्हाच दूर सरकली. आता उरलंय ते एक दार, एक मशीद, थोडे अवशेष आणि दुपारी झोपणारे हमाल. मला ती तशीच आवडते. तिथे तिकीट काढून फोटो घेणारा कुणी नसतो.

रोशनआरा बाग हा माझ्या सिद्धान्ताला अपवाद. शहाजहानची ही मुलगी भावांच्या भांडणात औरंगजेबाच्या बाजूने होती. १६७१ साली गेली आणि आपल्याच बागेतल्या बारादरीत, म्हणजे चहूबाजूंनी दारं असलेल्या मंडपात, पुरली गेली, वर छप्पर नाही, उघडं आभाळ. कबर असूनही बाग आक्रसली. १९२२ साली तिथे क्लब निघाला, भोवती बाजार वाढला. म्हणून म्हणतो, ‘बहुतेक’ हा शब्द मी उगाच घातलेला नाही. शालिमार बागही अशीच आक्रसली, शिवाय ती लांब आहे. औरंगजेबाने १६५८ साली तिथे पहिला राज्याभिषेक करून घेतला, एवढं कळलं तरी पुरे. यावेळी सोडून दे.

तालकटोरा मात्र सोडू नकोस. बाग म्हणून विचारशील तर सामान्य. हिरवळ, कारंजी, वाफे, आणि बाजूला स्टेडियम. पण १७३७च्या वसंतात मुघल सरदार मथुरेकडे फौजा जमवून बसले होते आणि बाजीराव त्यांना बगल देऊन थेट दिल्लीच्या वेशीवर येऊन ठाकला. बादशहाची फौज बाहेर पडली, ती याच भागात मार खाऊन परतली. शहर न लुटता, नुसता धाक दाखवून राऊ मागे फिरला. आणि २०२५च्या फेब्रुवारीत ९८वं मराठी साहित्य संमेलन भरलं ते ह्याच तालकटोरा स्टेडियममध्ये! तुला संमेलनांचा तिटकारा आहे हे ठाऊक आहे मला, तरी त्या हिरवळीवर दहा मिनिटं बसू.

राष्ट्रपती भवनाची बाग तुम्ही येताय तेव्हा उघडी असेल, फेब्रुवारी-मार्चात ती लोकांसाठी खुली करतात. लुटियन्सने आखलेली ती मुघल गार्डन, २०२३ पासून अमृत उद्यान. प्रवेश फुकट आहे, पण वेळ आधी ऑनलाइन घेतलेली बरी, आणि सोमवारी बंद असते. ट्यूलिप आणि गुलाबांचे वाफे वहिनींना नक्की आवडतील. मला ती बाग कडक इस्त्रीच्या कपड्यांसारखी वाटते, बसायची सोय नाही. रांगेतून चालायचं, बघायचं, बाहेर पडायचं.

शेवटच्या दिवशी कुतुबमिनार हवाच असेल तर बघ, पण तिथून पुढे मेहरौलीच्या पुरातत्त्व उद्यानात चल. मिनारापाशी झुंबड असते आणि शेजारच्या या उद्यानात शुकशुकाट. बल्बन या दिल्लीच्या सुलतानाची पडकी कबर आहे, १२८७च्या सुमाराची. खरी कमान, म्हणजे दगड एकमेकांवर रेलून उभी राहणारी, आपल्या देशात शिल्लक आहे त्यातली ही सगळ्यात जुनी मानतात. लोदींच्या काळातली राजों की बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर, आहे. आणि मुघल दरबारातला इंग्रजांचा एक रेसिडेंट, म्हणजे प्रतिनिधी, मेटकाफ, त्याने तर एका मुघल सरदाराच्या कबरीचंच उन्हाळी घर केलं. आत जेवणाचं टेबल मांडायचा म्हणे. बघ, माझ्या मताला हाही एक अपवाद. पायवाटा खडबडीत आहेत, वहिनींना बूट घालायला सांग, आणि अंधार पडायच्या आत बाहेर पडायचं.

फेब्रुवारीअखेर येताय ते उत्तम केलंत. धुकं आणि धूर ओसरलेला असतो, ऊन अजून चावत नाही. सावर फुलायला लागलेली असेल. तिचं फूल गळतं तेव्हा आवाज होतो, जाड मांसल पाकळ्यांचा, थप्प असा. खाली उभं असताना डोक्यावर पडलं तर दचकायला होतं. कावळे, साळुंक्या, पोपट सगळे एकाच झाडावर भांडत असतात. मेमध्ये आला असतास तर बहावा दाखवला असता, पण मग पंचेचाळीस अंशात तू माझं तोंड बघितलं नसतंस.

जाड स्वेटर एकच आण, सकाळपुरता. पाण्याची बाटली आणि पेपर बरोबर ठेव, हिरवळ सकाळी ओली असते. जेवण माझ्याकडे, त्यात वाद नको. आणि गाडीचं आरक्षण निजामुद्दीनचं केलंस की नवी दिल्लीचं, ते लगेच कळव. निजामुद्दीनला उतरलात तर हुमायूनची कबर तिथून जवळच आहे, सामान घरी टाकून पहिल्याच संध्याकाळी तिकडे जाता येईल आणि मग सगळाच बेत एक दिवस अलीकडे येईल. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
दिल्लीकर