अंगात रग आहे तोवर

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं निघाले आणि पुण्यात उतरून तशीच कामावर गेले. रात्री फोन करणार होते, पण जे सांगायचंय ते फोनवर होत नाही. फोनवर बाबा दोन मिनिटांत "बरं मग, ठेवू?" म्हणतात. म्हणून लिहायला बसले.

बाबा, परवा होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेत फिरून पाय दुखले म्हणून आपण पाळण्यांच्या मागं टेकलो होतो. तिथं तुम्ही ती जुनी गोष्ट सांगितलीत. तालमीतली सगळी पोरं ट्रकमधून कुस्त्या बघायला निघाली होती आणि तुम्ही मिलची पाळी बुडेल म्हणून मागं राहिलात. पुढच्या वर्षी बघू म्हणालात. पुढच्या वर्षी त्या पैलवानाचा गुडघा गेला. नंतर तो तुम्हाला दिसला तो थेट एका सत्काराला, स्टेजवर. "अंगात रग आहे तोवर पैलवान बघून घ्यावा पोरी. नंतर नुसता फेटा बघायला मिळतो." इतक्या वर्षांनी सांगतानासुद्धा तुमच्या आवाजात चुटपुट होती. गाडीनं कुर्डुवाडी सोडली तरी माझ्या डोक्यात तेच वाक्य फिरत होतं.

मग बॉक्सिंगचा विषय निघाला की तुम्ही "अली गेला, खेळ संपला" असं का म्हणता?

तुमचा मुहम्मद अली मला पाठ आहे. पण खरं सांगा, तुम्ही त्याला लढताना कधी पाहिलंत? 30 ऑक्टोबर 1974 ला त्यानं किन्शासात जॉर्ज फोरमनला आठव्या फेरीत पाडलं, ते तुम्हाला कळलं दुसऱ्या दिवशी, सलूनमधल्या पेपरात. आपल्या बोळात तेव्हा टीव्ही कुठला! तुम्ही त्याला हलता-चालताना पहिल्यांदा पाहिलंत ते 1996 मध्ये, अटलांटाला ऑलिंपिकची ज्योत पेटवताना. मी दहा वर्षांची होते, तुमच्याजवळ चटईवर बसले होते. त्याचा हात थरथरत होता आणि तुम्ही टॉवेलनं डोळे पुसत होतात. बाबा, तोसुद्धा फेटाच होता.

आणि त्याची खरी रग तर जगालाही पुरती बघायला मिळाली नाही. व्हिएतनामच्या युद्धासाठी फौजेत जायला नकार दिला म्हणून 1967 मध्ये त्याचा परवाना गेला. साडेतीन वर्षं तो रिंगच्या बाहेर होता. पंचविसाव्या वर्षापासून अठ्ठाविसाव्यापर्यंत, म्हणजे पायांत सगळ्यात जास्त चपळाई असायच्या वयात. परत आला तेव्हाही तो मोठाच होता, पण आधी ठोसे चुकवायचा, नंतर सोसायला लागला. 1980 च्या ऑक्टोबरात लॅरी होम्ससमोर दहा फेऱ्यांनंतर त्याच्याच माणसांनी लढत थांबवली. 1984 मध्ये पार्किन्सनचं निदान झालं.

त्याच 1980 च्या जानेवारीत तो दिल्लीला आला होता आणि आपल्या फौजेतला कौर सिंग प्रदर्शनी लढतीत त्याच्यासमोर चार फेऱ्या उभा राहिला. "अली दिल्लीला आला होता" हे तुमच्याकडून मी किती वेळा ऐकलं असेल. पण समोर कोण होता, ते माझं मला वाचून कळलं. 1982 च्या दिल्ली एशियाडचं हेवीवेटचं सुवर्ण त्याच कौर सिंगचं. 2023 मध्ये तो गेला तेव्हा मी तुम्हाला फोन केला, तर तुम्ही विचारलंत, "कोण?" हे मी बोल लावायला लिहीत नाही. माझंही तसंच झालंय, म्हणून लिहिते.

2025 च्या 14 सप्टेंबरला, रविवारी सकाळी, मी फोन केला होता आठवतं? टेरेन्स क्रॉफर्ड आणि कॅनेलो अल्वारेझची लढत लागली होती. लावा म्हटलं, तर तुम्ही म्हणालात दुपारी बघू. दुपारी पाहुणे आले. मीही पुन्हा आग्रह धरला नाही, म्हटलं त्याची पुढची लढत सोलापूरला येऊनच बघू. क्रॉफर्डनं त्या दिवशी दोन वजनगट वर चढून कॅनेलोला हरवलं आणि डिसेंबरात निवृत्ती जाहीर केली. 42 लढती, एकही हार नाही, वय 38. तो अजून जिंकू शकला असता. पण त्यानं हातमोजे उतरवले आणि माझी "पुढची लढत" तिथंच राहिली. तेव्हापासून मला हे टाळणं सहन होत नाही.

चॅम्पियन वर्षाला दोनदा रिंगमध्ये उतरला तरी खूप. चांगली दहा वर्षं धरली तरी वीस संध्याकाळी होतात. त्यात कधी हात मोडतो, कधी डोळ्याखालचं हाड. आणि एके दिवशी ठोसा येताना दिसतो, पण डोकं क्षणभर उशिरा हलतं. बाहेरून कुणाला कळतही नाही, समोरच्याला कळतं.

म्हणून आता मी तुम्हाला नाओया इनोएबद्दल सांगणार आहे आणि तुम्ही "ते जपानी पोरगं? वजन किती?" म्हणून सोडून द्यायचं नाही. वजन 55 किलो. सिमेंटच्या पोत्याहून पाच किलो जास्त. जन्म 1993 चा. दोन वजनगटांत चारही जागतिक संघटनांचे पट्टे त्यानं मिळवले, आणि 2025 मध्ये एका वर्षात चार लढती लढला, हे आजकाल कुठलाच चॅम्पियन करत नाही. जुलै 2023 मध्ये स्टीफन फुल्टनविरुद्ध तो सात फेऱ्या डाव्या हाताचा जॅब, म्हणजे सरळ झटपट ठोसा, पोटावर मारत राहिला. फुल्टन खाली बघायला शिकला. आठव्या फेरीत पुन्हा डावा हात पोटावर गेला, आणि त्याच्या मागोमाग उजवा थेट चेहऱ्यावर. पट काढायचा आव आणून वर हात घालतात ना कुस्तीत, तसंच. हे तुम्हाला मी समजावून सांगायची गरज नाही. तुम्हाला ते माझ्याआधी दिसेल, म्हणूनच मला ते तुमच्या शेजारी बसून बघायचंय. लहानपणी तालमीच्या दारातून मी आत डोकवायचे आणि घरी येताना तुम्ही वाटभर एकेक डाव सांगायचात. मी बॉक्सिंग बघते ते त्या सवयीनं.

आणि आई, शुक्रवारी रात्री बाबा झोपल्यावर हीच लढत मी तुला फोनवर दाखवली होती, ते यांना सांगितलंस का? बाबा, तिनं चष्मा पुसला, तिसऱ्या फेरीपर्यंत काही बोलली नाही, आणि मग म्हणाली, "हा खाली खाली मारतोय की, वरचं दार उघडाया." आठवी फेरी अजून यायची होती! मी उडालेच. चाळीस वर्षं सुपात बघून विड्या वळल्यात तिनं. हात काय करतोय आणि काय करणार आहे, हे तिला न सांगता कळतं. नंतर म्हणाली, "पाय बघ ह्याचे. मोजून टाकल्यागत." इनोएचं इतकं नेमकं वर्णन मी अजून कुणाकडून ऐकलेलं नाही.

तुला ती बॉक्सर निखत झरीनही आवडेल, आई. निजामाबादची आहे, तिकडंही घरोघरी विड्या वळतात, तुझ्या कारखान्यातल्या तेलुगू बायका सांगायच्या बघ. 2022 आणि 2023, सलग दोन वर्षं जगज्जेती. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ती हरली तेव्हा बाबांनी चॅनेल बदललं होतं. जिच्याकडून हरली त्या वू यूनं पुढं सुवर्ण जिंकलं. निखतच्या लढती अजून होतायत, तिशीला आलीय. तिला आपण चुकवायचं नाही.

बाबा, तुम्हाला हेवीवेटच पाहिजे असेल तर युक्रेनचा उसिक आहे. 2024 च्या मे महिन्यात त्यानं 2 मीटर 6 सेंटिमीटर उंचीच्या टायसन फ्युरीला हरवलं. पण तोही 1987 चा, त्यामुळं घाई करा.

मी येत्या शनिवारी येतेय. नळाला पाणी त्याच दिवशी येणार असेल तर आधी पाणी भरून घेऊ, मग बसू. इनोएची पुढची लढत ज्या दिवशी असेल त्या दिवसाची रजा मी आत्ताच सांगून ठेवलीय. शनिवारी मात्र मे 2024 ची, टोकियो डोममधली बघायची, लुईस नेरीविरुद्धची. 40 हजारांवर माणसं बसलेली आहेत आणि पहिल्याच फेरीत नेरीच्या डाव्या हुकवर, म्हणजे बाजूनं वळवून आलेल्या ठोशावर, इनोए खाली पडतो, कारकिर्दीत पहिल्यांदा. तेव्हा "बघ, म्हटलं नव्हतं" म्हणून उठून जाऊ नका. तो एका गुडघ्यावर बसून पंचाचे आकडे ऐकतो. आठपर्यंत, घाई न करता. त्या वेळी त्याच्या तोंडाकडं बघा.

तुमची,
थोरली