बापूस पत्र: लेकीच्या ॲग्रीच्या हट्टाबद्दल

अमळनेर

प्रिय बापू,

बरा शेस ना? पत्र मिळालं. लेक बारावीनंतर बीएस्सी ॲग्री करायचं म्हणते आणि तुझ्या मनात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग आहे. मोठी माणसं कशी मोठी झाली ते तिला लिहून कळव, म्हणजे पोरगी वळणावर येईल, असं तू म्हणतोस. मी ते तुलाच लिहितोय. कारण आपल्याच खान्देशातल्या माणसांच्या वाटा नीट बघितल्या तर त्या तिच्या बाजूनं साक्ष देतात, असं मला मनापासून वाटतं.

जैन इरिगेशन काढणाऱ्या भवरलाल जैनांचंच घे. जामनेर तालुक्यातलं वाकोद, शेतकऱ्याचं घर, जन्म 1937 चा. कॉमर्स झालं, वकिली झाली, राज्य सेवेतून उपजिल्हाधिकारीपद हाताशी आलं. त्या काळी खेड्यातल्या घराला याहून मोठं काय हवं होतं? ते सोडून 1963 मध्ये घरची सात हजारांची पुंजी घातली आणि रॉकेल विकायला सुरुवात केली. लोक ही गोष्ट सांगतात आणि नोकरी सोडली इथंच थांबतात. मला पुढची पंचवीस वर्षं जास्त मोलाची वाटतात. रॉकेलमागून डिझेल, मग ट्रॅक्टर, बियाणं, खतं यांच्या एजन्सी. 1978 मध्ये केळीच्या भुकटीचा बंद पडलेला कारखाना घेतला आणि त्यात पपईच्या चिकापासून पपेन, म्हणजे औषधांत आणि खाद्यपदार्थांत लागणारं एक विकर, काढायला लागले. 1980 मध्ये पीव्हीसी पाइप, आणि त्या दशकाच्या अखेरीस ठिबक.

तो पपईचा चीक तुला आठवत असेल. आमच्या आप्पांनीही लावली होती पपई. पहाटे उठून कच्च्या, हिरव्यागार फळावर ब्लेडनं उभ्या रेघा मारायच्या, पांढरा चीक खोडाला बांधलेल्या फडक्यावर टपटप गळायचा. ऊन चढायच्या आत सगळं उरकायचं. हाताला लागला की कातडी सोलवटायची, आई खोबरेल चोळायची. पपई म्हणजे बाजारात पिकून जाणारं फळ, एवढंच तोवर आप्पांना ठाऊक होतं. न पिकलेल्या फळाच्या चिकालाही भाव मिळतो, हे नवीनच होतं. आपल्या भागात काय पिकतं, शेतकऱ्याचं कुठं अडतं, हे रोज त्याच्याशी व्यवहार करणाऱ्या माणसालाच असं दिसू शकतं. धंदे पाच-सहा झाले, समोर उभा राहणारा माणूस बहुतेक वेळा तोच राहिला. 1963 मध्ये ठिबकचा विचारही करता येणार नव्हता, पण ठिबक ज्याला विकायचं त्याची ओळख तेव्हापासूनच होत होती. मला यातलं शिकण्यासारखं हेच वाटतं. तुझी लेक आज कुठला हुद्दा मिळवेल हे तू विचारतोस. ती कोणासाठी काम करणार, हे तिला बहुतेक तुझ्याआधी कळलंय.

आता दुसरी वाट, आपल्या गावातलीच. वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स 1945 मध्ये इथं अमळनेरात सुरू झाली, वनस्पती तुपासाठी. मालकांचे चिरंजीव अझीम प्रेमजी अमेरिकेत स्टॅनफर्डला इंजिनिअरिंग शिकत होते. 1966 मध्ये वडील वारले आणि वयाच्या एकविसाव्या वर्षी त्यांना शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. पदवी पूर्ण केली ती पुढे तीसेक वर्षांनी. तेलगिरणी ही काही त्यांची आवड नव्हती, पण पदरात पडलेलं काम त्यांनी मन लावून केलं. तेलाच्या धंद्यातून जे उरायचं त्यातून कपड्यांचा साबण आला, मग इतर साबण, हायड्रॉलिक सिलिंडर. 1970 च्या दशकाच्या अखेरीस आयबीएमनं भारत सोडला आणि देशात संगणकांची जागा मोकळी झाली, तेव्हा ते त्यात उतरले. आज तू लेकीला ज्या क्षेत्रात ढकलतोयस, त्यातली विप्रोसारखी एवढी मोठी कंपनी अमळनेरच्या तेलातून निघाली, बापू.

पण ही दोन उदाहरणं देऊन मी थांबलो तर तुझी फसवणूक होईल. एकाच्या पाठीशी घराची पुंजी होती, दुसऱ्याच्या पाठीशी अख्खी कंपनी. जिद्द, जिद्द असं नुसतं सांगणारे हे वगळतात आणि मग आपली पोरं स्वतःलाच कमी समजतात. म्हणून मला डॉ. राजेंद्र भारूड जास्त जवळचे वाटतात. साक्री तालुक्यातल्या सामोड्याचं भिल्ल कुटुंब, जन्माआधीच वडील गेलेले, आई मोहाची दारू विकून घर चालवायची. दारू प्यायला येणारे लोक चखणा आणायला पाठवायचे, त्याबद्दल मिळालेल्या पैशातून ते पुस्तकं घ्यायचे. पोरगं हुशार आहे हे शिक्षकांनी आईला सांगितलं, तिथून अक्कलकुव्याचं नवोदय विद्यालय, मग मुंबईत एमबीबीएस, मग आयएएस. कोरोनाच्या काळात ते नंदुरबारचे जिल्हाधिकारी होते आणि ऑक्सिजनची सोय त्यांनी वेळेआधी उभी करून ठेवली. डॉक्टरकी तिथं फुकट गेली असं कोण म्हणेल? आणि बघ, त्या सगळ्याच्या आधी दारू विकणाऱ्या बाईशी बोलायला वेळ काढलेला एक शिक्षक आहे. तुझ्या लेकीच्या बाबतीत ते काम तुझं आहे.

चाळीसगावच्या केकी मूसांचाही विचार मनात येतो. इंग्लंडात कला शिकून आलेला माणूस, स्टेशनाजवळच्या घरात 1989 पर्यंत आयुष्य काढलं, टेबलावर वस्तू मांडून जगाला थक्क करणारे फोटो काढले. पैशाच्या हिशेबात त्यांना कुठं बसवायचं? माझ्या मते यशस्वी माणसांच्या यादीत त्यांचं नाव वर असायला हवं. यावर तू भांडशील, भांड.

आता कामाचं. ॲग्री आणि इंजिनिअरिंग, दोन्हीचे प्रवेश सीईटीवरच आहेत, तेव्हा लगेच एक दार बंद करू नकोस. धुळ्याला कृषी महाविद्यालय आहे, राहुरी विद्यापीठाखालचं. निकाल लागेपर्यंत तिला आठ दिवस माझ्याकडे पाठव. रावेरकडे केळीची कापणी चालू असेल, बागेत उभं राहून बघू दे, घड तोलताना व्यापाऱ्याशी होणारी घासाघीस ऐकू दे. एखाद्या टिश्यू कल्चरच्या रोपवाटिकेतही नेतो. काचेच्या बाटल्यांत केळीची बोटभर रोपं कशी वाढवतात ते तिनं डोळ्यांनी बघावं, तिथं काम करणाऱ्या मुलींशी पगाराचं, कामाच्या तासांचं मोकळं बोलावं. परत आल्यावरही ती ॲग्रीच म्हणाली तर फी किती, हॉस्टेल किती, हे आपण दोघं बसून काढू. कमी पडलं तर माझ्याकडे सांग, संकोच करू नकोस.

वहिनींना नमस्कार. त्यांचं मत काय आहे ते तू पत्रात लिहिलंच नाहीस, ते मात्र कळव.

तुझाच,
नाना