तक्रार लेखीच हवी

महोदय,

नव्या वॉशिंग मशीनचा ड्रम तिसऱ्याच आठवड्यात अडकू लागला. दोन महिने मी दुकानात नुसते फोन करत राहिले. दर वेळी नवा माणूस आणि तेच उत्तर, 'उद्या मेकॅनिक पाठवतो'. शेवटी सरकारी तक्रार कक्षात गेले. तिथल्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "दुकानदाराला लेखी काय कळवलंत?" माझ्याकडे एक ओळही नव्हती.

मग घरी बसून तारीखवार हकिकत लिहिली, बिल आणि वॉरंटी कार्डाच्या झेरॉक्स जोडल्या (मूळ बिल कोणालाही देऊ नये), मशीन बदलून हवे हे स्पष्ट मागितले आणि पोच घेतली. दुकानाने उत्तर दिले नाही, तेव्हा हाच कागद माझ्या तक्रारीचा पाया झाला.

ग्राहकाला दाद जलद, न्याय्य, कमी खर्चात आणि सहज मिळावी, असे संयुक्त राष्ट्रांची १९८५ ची ग्राहक संरक्षण मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. मग तक्रार अर्जाचा नमुना इतक्या बोजड भाषेत का? माझ्या शेजारच्या आजी तो वाचून तशाच परत फिरल्या. पैसे त्यांचेही अडकले आहेत. हा नमुना सोप्या भाषेत, एका पानात बसेल असा करावा, ही संबंधितांना कळकळीची विनंती.

– एक ग्राहक