बागेचे आरक्षण आणि चोवीस महिने

महोदय,

विकास आराखड्यात हिरवा तुकडा दिसला की तिथे बाग होणारच, असे आपण धरून चालतो. तो तुकडा बहुधा खासगी जमिनीवरचे आरक्षण असतो, म्हणजे ती जमीन सार्वजनिक वापरासाठी राखून ठेवलेली असते, आणि आरक्षणाला मुदत असते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 127 प्रमाणे अंतिम आराखडा अमलात आल्यापासून 10 वर्षांत जमीन ताब्यात आली नाही, तर मालक नगरपालिकेला किंवा महापालिकेला ‘जमीन विकत घ्या’ अशी नोटीस देऊ शकतो. पुढच्या 24 महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत, की आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते.

चोवीस महिने पुष्कळ वाटतात, पण नोटीस आवक विभागातून नगररचना विभागात पोहोचणे, संयुक्त मोजणी, सर्वसाधारण सभेचा ठराव आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव यांतच ते सरतात. प्रस्ताव गेला म्हणजे जमीन वाचली, हा समज सर्रास आहे आणि तो चुकीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2007 च्या गिरनार ट्रेडर्स निकालानुसार नुसता प्रस्ताव म्हणजे पाऊल नव्हे. संपादनाची अधिघोषणा मुदतीत निघावी लागते. ती पैशाअभावी अडते. 2013 च्या भूसंपादन कायद्यात बाजारमूल्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम आहे, म्हणजे शहरातली जमीन निदान दुपटीने पडते.

पैशाऐवजी टीडीआर (दुसरीकडे जादा बांधकाम करण्याचा, विकता येणारा हक्क) द्या, असे सहज सांगितले जाते. दाट वस्तीबाहेर आरक्षित जमिनीच्या दुप्पट टीडीआर मिळतो, हे खरे. पण परभणी, लातूर, जालन्यात तो विकत घ्यायला बांधकाम व्यावसायिक हवेत ना! मोठ्या इमारतींची मागणीच बेताची, त्यात प्रीमियम म्हणजे शुल्क भरून जादा चटईक्षेत्र (बांधकामाचे क्षेत्र) मिळते. मग मालक कागद घेऊन काय करणार?

लेआउटमधल्या खुल्या जागा तुलनेने स्वस्तात मिळतात. 0.4 हेक्टर व त्याहून मोठ्या लेआउटमध्ये 10 टक्के जागा खुली सोडावी लागते. ती सोडली जाते, पण सातबारावर विकासकाचेच नाव राहते. कुंपण नाही, फलक नाही. आधी पत्र्याचे शेड, मग ओटा, मग वाद. गुंठेवारीत, म्हणजे मंजुरीविना गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या वस्त्यांत, तर ही जागा मुळात सोडलेलीच नसते. तिथे दोन-तीन गुंठ्यांचे मोकळे प्लॉट वाटाघाटीने घेणे, एवढाच मार्ग उरतो.

ताबा मिळाला तरी पोहोचरस्त्याचे आरक्षण वेगळ्या फायलीत अडकलेले असते. दोन्ही एकाच प्रस्तावात घ्यावेत.

आणि फाटक. दुचाकी आत येऊ नयेत म्हणून नागमोडी लोखंडी फाटक बसवतात; चाकाची खुर्ची त्यात अडकते. किमान 90 सेंटिमीटर मोकळी वाट हवी. तेवढ्या फटीतून मोटारसायकलही जाते, हे मान्य. म्हणून ही वाट पहारेकऱ्याच्या खोलीला लागून ठेवावी. उतार 1:12 चा असावा: 15 सेंटिमीटर उंचीच्या पायरीला 1.8 मीटर लांबी लागते. ठेकेदार जागा वाचवायला तो मीटरभरात उरकतात आणि ढकलणाऱ्याचाच दम निघतो. पेव्हर ब्लॉकखालचा मुरूम नीट न दाबल्यास पहिल्याच पावसाळ्यात वाट खचते.

प्रत्येक नगरपालिकेने व महापालिकेने आरक्षणांची नोंदवही प्रभागनिहाय संकेतस्थळावर टाकावी: गट क्रमांक, क्षेत्र, दहा वर्षे पुरी होण्याची तारीख, नोटीस मिळाल्याची तारीख, चोवीस महिने संपण्याची तारीख. अर्थसंकल्पातली तरतूद या शेवटच्या रकान्याच्या क्रमाने करावी.

– नगररचना क्षेत्रातील काही अभ्यासक, परभणी