चाळीस खुर्च्या, एक लॅपटॉप

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात जिल्हा पानावर नगरपालिका आणि ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांच्या जीआयएस (संगणकावर नकाशा आणि नोंदी जोडण्याची प्रणाली) प्रशिक्षणाची बातमी वाचली. हा विषय वर्तमानपत्रात सहसा येत नाही, म्हणून बातमीदाराचे मनापासून आभार. पण ‘दोन दिवसांत कर्मचारी झाले नकाशातज्ज्ञ’ हे शीर्षक आणि त्याखालचा फोटो पाहून गप्प बसवले नाही. फोटोत निदान चाळीस माणसे खुर्च्यांवर बसली आहेत, समोर पडदा आहे आणि लॅपटॉप एकच, तोही प्रशिक्षकापुढे. माउसला हात न लावता कोणी नकाशातज्ज्ञ झाल्याचे निदान आपण तरी छापू नये.

पडद्यावर थर, म्हणजे रस्ते, इमारती अशा एकेका विषयाचे नकाशे, चालू-बंद करून दाखवले की सगळे सोपे वाटते. कार्यालयात परतल्यावर पहिल्याच दिवशी थर सापडत नाही. याचे कारण कार्यशाळेत क्वचितच सांगितले जाते आणि आपल्या यवतमाळ जिल्ह्यात तर ते आधी सांगायला हवे. नकाशाच्या यूटीएम पद्धतीत पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे उभे पट्टे, म्हणजे झोन, पाडलेले असतात. त्यात ७८ अंश रेखांशाच्या पश्चिमेला झोन ४३ आणि पूर्वेला ४४. ही रेषा आपल्या जिल्ह्यातून जाते. पुसद ४३ मध्ये, यवतमाळ ४४ मध्ये. तिकडे अमरावती ४३ मध्ये आणि वरुड ४४ मध्ये, नांदेड ४३ मध्ये आणि किनवट ४४ मध्ये. यवतमाळचा ४४ मधला थर ४३ चा म्हणून उघडला, तर तो सहा अंश पश्चिमेला, म्हणजे सहाशेहून अधिक किलोमीटर सरकतो आणि अख्खे शहर दमणच्या पश्चिमेला अरबी समुद्रात जाऊन पडते. कर्मचारी घाबरतो, फाइल खराब झाली समजतो आणि पुन्हा नकाशा करून देणाऱ्या एजन्सीला फोन लावतो. खरे तर क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये थराची निर्देशांक प्रणाली (सीआरएस) ३२६४४, म्हणजे झोन ४४ चा क्रमांक, अशी नीट नोंदवली की शहर जागेवर येते. इथे दोन आज्ञांमधला फरक कळलेला असावा लागतो. ‘सेट सीआरएस’ फक्त थरावरची चिठ्ठी बदलते, ‘रिप्रोजेक्ट’ आतले आकडे बदलते. चिठ्ठी चुकली असेल तिथे रिप्रोजेक्ट केले, तर चूक नव्या फाइलमध्ये कायमची जाऊन बसते. एवढ्या एका गोष्टीसाठी अर्धा दिवस दिला, तरी तो वाया जात नाही.

खरे दुखणे मात्र पुढे आहे, मालमत्ता क्रमांकात. इमारतींचा नकाशा एजन्सीकडून येतो, कराची यादी कार्यालयातल्या एक्सेलमध्ये असते आणि दोन्ही जोडायच्या त्या मालमत्ता क्रमांकावर. एक्सेलमध्ये १२/१ टाइप केले की त्याची १२ जानेवारी होते, ७/३ चा ७ मार्च होतो. कोणी घाईने तो रकाना ‘टेक्स्ट’ केला की तारीखही जाते आणि ४५६६९ असला आकडा उरतो, कारण एक्सेल तारखेला दिवसांच्या मोजणीत साठवते. मूळ क्रमांक तिथून खात्रीने परत येत नाही, नोंदवही उघडून पडताळावा लागतो. म्हणून रकाना भरण्याआधीच टेक्स्ट करायचा. यादी साध्या सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली मजकूर फाइल) साठवली की मराठी नावांची प्रश्नचिन्हे होतात, तिथे ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडायचे. क्यूजीआयएसमध्ये ती यादी ओढून टाकायची नाही, ‘डिलिमिटेड टेक्स्ट’च्या मार्गाने घ्यायची आणि रकान्याचा प्रकार आपोआप ओळखण्याची खूण काढायची. नाहीतर ००७ चे ७ होते आणि नकाशातल्या ००७ शी ते जुळत नाही. काही नोंदी मराठी आकड्यांत, काही इंग्रजी आकड्यांत. माणसाला दोन्ही बारा एकच दिसतात, संगणकाला नाही. क्रमांकाच्या शेवटी चुकून राहिलेली मोकळी जागा तर डोळ्यांना दिसतही नाही.

हे सगळे निस्तरल्यावर सर्वांत घातक चूक होते आणि ती कोणाच्या लक्षातही येत नाही. एका इमारतीत सहा सदनिका, कर नोंदवहीत सहा नोंदी, नकाशात आकृती एक. क्यूजीआयएसची नेहमीची जोडणी जुळलेल्यांपैकी एकच नोंद उचलते आणि उरलेल्या पाच सोडून देते. कसलाही इशारा येत नाही. प्रत्येक सदनिकेचा कर चार हजार रुपये धरला, तर चोवीस हजारांच्या इमारतीवर नकाशा चार हजार दाखवतो. एका नगरपालिकेत अशाच नकाशावरून प्रभागवार मागणीचे तक्ते निघाले, ते सभेपुढे ठेवले गेले, आणि जुन्या वस्तीपेक्षा सदनिकांच्या वस्तीत मागणी कमी कशी, यावर तासभर चर्चा झाली. चर्चेत वसुली कर्मचाऱ्यांवर संशय घेतला गेला, जोडणीवर कोणी बोट ठेवले नाही, कारण जोडणी म्हणजे काय हे सभेत बसलेल्या कोणालाच शिकवलेले नव्हते. वसुलीच्या माणसांनी काय चूक केली होती? जोडणीआधी आणि जोडणीनंतर दोनच बेरजा घ्यायला हव्या होत्या, नोंदींची संख्या आणि मागणीची रक्कम. मागणी रजिस्टरातली रक्कम आणि नकाशातली रक्कम रुपयापर्यंत जुळली नाही, तर नकाशा छापायचा नाही. ‘एकास अनेक’ जोडणीचा पर्याय त्याच सॉफ्टवेअरमध्ये आहे, तो दाखवायला पाच मिनिटे लागतात.

क्षेत्रफळाचेही तसेच. वरून काढलेल्या छायाचित्रात छप्पर दिसते, भिंत दिसत नाही. दहा बाय आठ मीटरच्या घराला चारी बाजूंनी अर्धा मीटर वळचण असेल, तर छप्पर अकरा बाय नऊ भरते. घर ८० चौरस मीटर, नकाशा म्हणतो ९९. घरमालक कार्यालयात येऊन भांडतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. आकृती काढणाऱ्याला आणि कर आकारणाऱ्याला हा फरक आधी शिकवा, आणि प्रत्येक प्रभागातली काही घरे टेप लावून पडताळा.

प्रशिक्षणाला पाठवतात कोणाला, हेही आपण छापायला हवे होते. नगरपालिकेतून बहुधा कंत्राटी संगणक चालक येतो, ग्रामपंचायतीतून आपले सरकार सेवा केंद्राचा केंद्रचालक. दोघांचा दोष नाही, दोघे मन लावून शिकतात. पण कंत्राट संपले की शिकलेले त्यांच्यासोबत जाते आणि कर निरीक्षकाच्या टेबलावर पुन्हा कागदी यादी येते. प्रत्येक कार्यालयातून दोघे हवेत, त्यातला एक कायम आणि कर, पाणीपुरवठा किंवा नगररचना विभागात रोज नोंदी हाताळणारा. सलग दोन दिवसांऐवजी आठवड्यातून अर्धा दिवस, असे सहा आठवडे घ्या. संगणकावर दोघांहून जास्त नकोत. सॉफ्टवेअर फुकट आहे, आठ जीबी रॅमचा साधा संगणक चालतो. सरावाला कोणत्या तरी परक्या शहराचा तयार नमुना देऊ नका. ज्याने त्याने आपल्याच प्रभागातल्या तीनशे मालमत्ता घेऊन याव्यात, सगळ्या गोंधळासकट. शेवटच्या आठवड्यात ए-थ्री कागदावर नकाशा छापून गल्लीत फिरायचे आणि चुका पेनाने नोंदवून परत यायचे. प्रमाणपत्र त्यानंतर द्यावे.

फाइल कशात साठवायची, हेही सांगावे. शेपफाइल या नकाशाच्या जुन्या फाइल-प्रकारात रकान्याच्या नावाला दहा बाइट मिळतात आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा तीन बाइट खाते. ‘मालमत्ता क्रमांक’ तिथे मावणारच नाही. वर तिचे चार-पाच तुकडे असतात, ईमेलने पाठवताना त्यातला निर्देशांक प्रणाली सांगणारा .पीआरजे हमखास मागे राहतो आणि शहर पुन्हा बेपत्ता होते. जिओपॅकेज ही एकच फाइल आहे, ती वापरायला लावा. निविदेतही लिहा की एजन्सीने मूळ माहिती याच स्वरूपात कार्यालयाला सुपूर्द करावी. पीडीएफ नकाशा म्हणजे माहिती नव्हे.

जाता जाता आणखी एक. त्याच बातमीच्या चौकटीत आपण ‘गावठाणातील घरांची उपग्रहाद्वारे मोजणी’ असे लिहिले आहे. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत मोजणी ड्रोनने होते आणि त्याआधी गावात चुन्याने हद्दी आखाव्या लागतात. उपग्रहच मोजणार असे वाचल्यावर चुना आखायच्या दिवशी घरमालक शेतावर निघून जातो आणि बोळाची हद्द शेजारी सांगेल ती धरली जाते. ज्या गावांत हे काम अजून व्हायचे आहे, तिथले लोक आपला अंक वाचतात. कृपया ही दुरुस्ती त्याच पानावर, त्याच आकाराच्या चौकटीत छापावी.

आपला,
एक वाचक, यवतमाळ